मी घातलेला आवाज

मामाचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मी एका लग्नाच्या फिल्मवर काम करत बसले होते. पाठवणीचा प्रसंग होता आणि नवरी रडत नव्हती. तिच्या आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी हसतच गेली हो, पण बघणाऱ्याला जरा भरून आलं पाहिजे." तेव्हा मी हसणाऱ्या नवरीखाली सारंगी घालत होते. पुण्याच्या एका स्टुडिओत सिनेमांच्या आवाजाचं काम करून मी सांगलीला परत आले होते. इथे सिनेमे थोडे, लग्नं जास्त. पण हातातली विद्या तीच.

"कामात हायस व्हय?" मामाने विचारलं. "एक व्हिडिओ टाकलाय बघ तुला. माणूस नीट ओळखू येईल असं कायतरी कर त्याचं. काल विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली."

मामाचं गाव सांगलीपासून तासाभरावर. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड आणि शेडच्या फाटकावर एक कॅमेरा. कॅमेऱ्यात दिसलेलं त्याने शेडमधल्या टीव्हीवर लावलं होतं आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून त्याचं पुन्हा फोनवर शूटिंग केलं होतं. त्यामुळे त्या पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत आवाज होता तो मामीच्या मिक्सरचा आणि मामाच्या "मागं घे, मागं घे" म्हणण्याचा.

चित्रात एक माणूस होता. खांद्यावरून घोंगडं घेतलेलं, डावा हात घोंगड्याच्या आत, काहीतरी पोटाशी धरलेलं. तो शेडच्या कडेने येतो, फाटकाकडे जाताना एकदा मागे बघतो, चार पावलं टाकून पुन्हा बघतो, मग झपझप बाहेर पडतो. वेळ भर दुपारची.

मी त्याला ओळखलं. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून दरवर्षी मेंढरं घेऊन येणारा मेंढपाळ होता तो. हरभरा निघाला की मामा त्याला मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचा. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा. सात-आठ वर्षं हे चाललं होतं.

"मामा, हा तर आपला नेहमीचा माणूस."

"म्हणूनच गं. मलाबी पटंना झालंय. पण हातात काय धरलंय ते बघ की."

मी मिक्सरचा आवाज काढून टाकला. चित्र थोडं उजळ केलं, चेहरा मोठा केला. काम झालं होतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण आवाज नसलेलं चित्र माझ्या हातून सुटत नाही. आवाज नसला की बघणारा पडद्यापासून लांब बसतो. खाली काहीतरी घुमत ठेवलं की तो आपोआप पुढे सरकतो. माझ्याकडे अशा घुमणाऱ्या सुरांचं एक कपाटच आहे म्हणा ना. त्यातला एक खालचा, लांबलचक सूर मी उचलला. माणूस मागे वळतो तिथे चित्राचा वेग निम्मा केला, आणि दुसऱ्यांदा वळतो त्या क्षणी ढोलावर उशी ठेवून मारल्यासारखा एक ठोका दिला. सगळं मिळून दहा मिनिटं गेली. एकदा लावून बघितलं. चांगलं जमलं होतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पाठवून पुन्हा मी नवरीकडे वळले.

संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवण आटोपून मामाने फोन केला. आवाज बदललेला होता. "पोरी, आता कसा सगळा उघडा पडला बघ! दोनदा बघतोय मागं. निर्मळ माणूस असा बघंल व्हय?"

"मामा, मी त्यात—"

"गावच्या ग्रुपवर टाकला मी. सगळी म्हणत्यात, ह्योच."

मला सांगायचं होतं की मी त्यात सूर घातलाय, वेग कमी केलाय. सांगितलंही, पण "व्हय व्हय, लय भारी केलंस" म्हणून मामाने ते कौतुकाच्या खात्यात टाकलं. नंतर त्याने ग्रुपवरचे संदेश मला पुढे पाठवले. कुणी लिहिलं होतं, चाल बघा कशी आहे. कुणी लिहिलं, डोळे बघा. त्या चित्रात डोळे दिसतच नव्हते. घोंगड्याच्या सावलीत नाकापर्यंतचा चेहरा काळा होता. पण लोकांना डोळे दिसले होते.

आणि खरं म्हणजे मलाही दिसायला लागले होते. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा बघितला आणि प्रत्येक वेळी माझी शंका वाढत गेली. दोन वर्षांपूर्वी एका लघुपटासाठी मी त्याच्या कळपाचा आवाज रेकॉर्ड केला होता. तेव्हा तो माझ्याजवळ उकिडवा बसून, कुठल्या मेंढीचं ओरडणं कशासाठी आहे ते सांगत होता. "ही पिल्लाला हाका मारतीया. ही उगंच." तेव्हा मला तो गोड माणूस वाटला होता. आता आठवलं की त्याच वेळी त्याने विचारलं होतं, "ताई, मालकाच्या विहिरीला पाणी किती हाय ओ?" साधा प्रश्न. पण आता तो प्रश्नसुद्धा मला खालून सूर घातल्यासारखा ऐकू यायला लागला.

दोन दिवसांनी मामाने त्याला रान सोडायला सांगितलं. पोलिसात गेला नाही. "नुसतं जा म्हटलं. कशाला म्हणून इचारलं त्यानं, तर तुलाच ठावं म्हटलं." व्हिडिओ त्याला कुणीच दाखवला नाही. त्याच्या बायकोने उन्हातच पालं सोडली, घोड्यावर सामान लादलं आणि कळप मलकापूरच्या रस्त्याला लागला.

त्याच आठवड्यात विश्रामबागेतल्या एका कॉलेजात माझा वर्ग होता. सिनेमातला आवाज मुलांना समजावून सांगायला मला अधूनमधून बोलावतात. दरवेळी मी एखादा तुकडा दोन तऱ्हेच्या आवाजांनी दाखवते. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, मी तोच व्हिडिओ लावला. कुणाचा, कुठला, काही सांगितलं नाही.

आधी माझा घुमणारा सूर. मुलं लगेच म्हणाली, चोर. एकजण म्हणाला, घोंगड्यात कोयता असणार. मग वेग पूर्ववत करून तीच चित्रं सारंगीवर लावली, लग्नातल्या त्या नवरीखालची. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "ह्याचं कोणीतरी गेलंय, मॅडम. घर सोडून चाललाय, म्हणून मागे बघतोय."

मी नेहमीचं समजावलं. सूर स्वतः काहीच सांगत नाही. तो फक्त म्हणतो, काहीतरी वाईट आहे. ते वाईट कुणाचं, हे मग बघणारा शोधतो, आणि चित्रात एकच माणूस असेल तर शोध तिथेच थांबतो. मुलं लिहून घेत होती. खिडकीजवळच्या एका मुलीने मात्र लिहिलं नाही. तिने हात वर केला.

"मॅडम, पण खरा आवाज कुठला? म्हणजे तो चालत होता तेव्हा तिथे काय ऐकू येत होतं?"

इतके दिवस माझ्या डोक्यात तो प्रश्न आला नव्हता, आणि मी पोट भरते ते आवाजावर.

वर्ग संपल्यावर कॉलेजच्या पार्किंगमधूनच मामाला फोन केला. "मामा, फाटकावरच्या कॅमेऱ्याला माइक आहे का?"

"असंल की. का?"

"त्याच्या आत एक छोटं कार्ड असतं. ते काढून ठेव. मी उद्या येते."

"आता कशाला ते उकरतीस? गेला की माणूस."

त्या क्षणी मला माझ्या मामाचाच संशय आला. सांगायला लाज वाटते, पण आला. केबल नक्की गेली होती ना? की दुसरंच काही कारण होतं त्याला घालवायचं? रात्रभर माझ्या डोक्यात तेच. एकदा संशयाची सवय लागली की तो माणूस निवडत नाही.

सकाळी पोचले तर मामा बागेत गेला होता. मामीने काही न विचारता शिडी आणून फाटकाला लावली आणि खाली धरून उभी राहिली. "बघ बाई एकदाचं. मलाबी रातचं डोळ्याला डोळा लागंना झालाय," ती म्हणाली. "अगं, त्या माणसानं माझ्या हातचं ताक पिलंय इतकी वर्सं."

जागा संपली की असे कॅमेरे जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. त्या दिवसाचं अजून पुसलं गेलेलं नव्हतं, पण आदल्या दिवसाचं पुसून झालं होतं. एखाद-दुसरा दिवस उशीर झाला असता तर संपलं असतं.

शेडमध्ये बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटवर बसून मी हेडफोन लावले. आधी नुसता वारा, माइकवर आपटणारा. मग लांबचा ट्रॅक्टर. मग पायताणाची करकर, जवळ येत गेलेली. आणि त्यात मिसळून एक बारीक, ओला, चिरका आवाज. मेंढीचं पिल्लू. त्याच्या पाठोपाठ चित्राच्या बाहेरून मोठ्या मेंढीची हाक. ती हाक आली की माणूस मागे बघतो. चार पावलं पुढे पुन्हा हाक येते, या वेळी जवळून, की तो पुन्हा बघतो आणि तोंडाने "थुर्र, थुर्र" असं काहीतरी करतो. मग पावलं झपाझपा होतात. मेंढी कधीच चित्रात येत नाही. ती शेडच्या आडून चालली असणार.

मी ते तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा मला माझाच भरवसा वाटेना. त्या कानांनीच मला याआधी फसवलं होतं. पिल्लाचा आवाज घोंगड्यातूनच येतोय कशावरून? जवळ कळप होता, पिल्लं सगळीकडे ओरडत असतील. आवाज असा लबाड असतो, चित्रात जे दिसतं त्याला तो जाऊन चिकटतो. म्हणून मी टीव्ही झाकून नुसतं ऐकलं. चिरका आवाज पावलांबरोबर वाढत गेला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली आल्यावर सगळ्यात मोठा झाला, आणि पावलांबरोबरच फाटकाबाहेर विरत गेला. दुसऱ्या कुठल्या पिल्लाचा असता तर तो एका जागीच राहिला असता.

मामा आला. मी त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले. त्याने डोळे मिटून ऐकलं, मग चित्रासकट ऐकलं. हेडफोन काढून तो बराच वेळ त्याची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"कोकरू हाय खरं," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "पर कोकराबरूबर केबल नसंल कशावरनं?"

मी काही बोलणार तोच शिडी आत ठेवायला आलेली मामी थांबली. "आवं, केबल आणली तवा तुमी अन् गडी, दोघं मिळून ट्रॉलीतनं उतरवत हुता. मी बघितलंय. ती एका काखेत मावती व्हय?"

विहिरीत सोडलेली ती जाडजूड केबल, तिचं वेटोळं, तिचं वजन. मामाला हे सगळं हाताने माहीत होतं. आम्हा कुणालाच ते आठवलं नव्हतं. सूर वाजायला लागल्यावर कुणी वजनाचा विचार केला नाही.

मामाने तिथेच खऱ्या आवाजाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "चूक झाली. केबल त्याने नेली नाही." आम्ही वाट बघत बसलो. पहिला संदेश आला, "ह्यात कोकराचा आवाज घातलाय वाटतं." दुसरा, "भाची तेच काम करते ना त्यांची." मग एकाने माझाच जुना व्हिडिओ पुन्हा टाकला आणि लिहिलं, "खरा हा आहे."

मामा माझ्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता तो. बहुतेक त्याला कळत नव्हतं की मी नक्की काय काम करते.

मलकापूरला जायचं मामानेच ठरवलं. मीही गाडीत बसले. गावाच्या पलीकडे ऊस तुटून गेलेल्या एका रानात कळप बसला होता. मेंढपाळ काठीला टेकून उभा होता. आम्हाला बघून तो पुढेही आला नाही आणि वळलाही नाही. त्याच्या बायकोने मात्र आधी माझ्या हातातला फोन बघितला.

"आता आनि कसला व्हिडिओ काढताय?"

"काढत नाही. दाखवायला आणलाय," मी म्हणाले.

"दावायचा हुता तर तवा दावायचा."

मामाने हात जोडले नाहीत, त्याला ते जमत नाही. तो म्हणाला, "माझं चुकलं गड्या. इचारायला पायजे हुतं."

"व्हय," मेंढपाळ म्हणाला. "इचारायला पायजे हुतं." मग माझ्याकडे वळून, "दावा, ताई. काय दिसलं समद्यास्नी, ते मलाबी बघू द्या."

मी आधी माझा व्हिडिओ लावला. ऊन होतं म्हणून त्याने फोनवर घोंगड्याची सावली धरली आणि वाकून बघायला लागला. सूर सुरू झाला तसं त्याचं कपाळ आक्रसलं. ठोका आला तेव्हा तो दचकला. संपल्यावर त्याने विचारलं, "ह्यो मीच हाय?"

"हो."

"लय वंगाळ दिसतोय ओ. मलाबी चोरच वाटला." तो हसला नाही. "ह्यो घुंईघुंई आवाज कशाचा?"

"तो मी घातलाय."

"का?"

मला वर्गात सांगते तसं काही सांगता आलं नाही. "सवयीने," मी म्हणाले.

मग मी दुसरा लावला. पिल्लाचा आवाज आला तसं त्याने न बघताच मान हलवली. "व्हय. विहिरीजवळ मेंढी व्यालती. पाय आखडून पडलं हुतं, चालता येईना त्याला. त्याची आई मागनं येतीया का न्हाई म्हणून बघत हुतो." त्याने काठीने कळपातलं एक पिल्लू दाखवलं, तपकिरी कानाचं, आता चांगलं उड्या मारणारं. मामाने त्या पिल्लाकडे निरखून बघितलं. 'हेच कशावरून?' हा प्रश्न मला त्याच्या नजरेत दिसला, आणि त्याला स्वतःलाही जाणवला असावा, कारण तो एकदम दुसरीकडे बघायला लागला.

निघताना बायको माझ्याजवळ आली. "आमच्या भावकीत बघितलाय त्यो समद्यांनी. लेकीच्या सासरी बघितलाय. पुसून टाका."

"माझ्यातला पुसते."

"अन् बाकीच्यांच्यातला?"

मी तिच्यासमोर माझ्या फोनमधला पुसला. घरी येऊन संगणकातला पुसला. बाकीच्यांच्यातला माझ्या हातात नव्हता.

तो किती लांब गेलाय ते पुढे महिन्याभराने कळलं. एका नातेवाइकाने मला एक संदेश पाठवला, मेढ्याकडच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत आलेला. 'डोंगरवाडीत जनावरं चोरणारी टोळी, सावध राहा.' खाली तोच माणूस, तेच घोंगडं, माझाच सूर. त्यावर कुणीतरी आता किंकाळीही घातली होती. ज्याने तो टाकला होता त्याचा नंबर मिळवून मी फोन केला. सांगितलं की हा माणूस चोर नाही, हा व्हिडिओ मेढ्याचा नाही, यातला आवाज नंतर घातलेला आहे.

"तुमाला काय म्हाईत?" पलीकडून तरुण आवाज.

"तो आवाज मीच घातलाय."

त्याने विचारलं, "म्हंजे तुमी त्यांच्यातल्याच का?" आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर लागेना.

मामाची केबल सापडली नाही. त्या वर्षी आजूबाजूच्या तीन-चार विहिरींवरच्याही गेल्या. मेंढपाळ शंभर कोस लांब गेल्यावरही जात राहिल्या, तेव्हा गावात तो विषय आपोआप बंद झाला. कुणी चूक झाली असं म्हणालं नाही. लोक फक्त बोलायचे थांबले.

मी लग्नाची कामं अजून घेते. पण नवरी हसत असेल तर तिच्या हसण्याचा जो आवाज माइकवर आला असेल तोच ठेवते, आणि त्यामुळे दोन गिऱ्हाइकं तुटली आहेत. कॉलेजातही त्या मुलीचा प्रश्न मी आता सुरुवातीलाच विचारते. मुलं गोंधळतात. गोंधळू देते.

पुढच्या वर्षी हरभरा निघाल्यावर मामाने मेंढपाळाला निरोप धाडला. तो आला, पण मामाच्या रानात नाही. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या रानात त्याने मेंढरं बसवली. मी तेव्हा गावीच होते. सकाळी मामा बांधावर जाऊन उभा राहिला. मेंढपाळाने त्याला बघितलं, हात कपाळापाशी नेऊन रामराम केला आणि आपल्या कामाला लागला. मामाही थोडा वेळ उभा राहून परत आला.

"काय म्हणाला?" मामीने विचारलं.

"काय न्हाई," मामा म्हणाला. "तिथंच बरं वाटतंय म्हणायचं त्याला." मग चहाचा कप हातात घेऊन तो बसला आणि जरा वेळाने म्हणाला, "फाटकाकडनं येत न्हाई आता त्यो. लांबचा वळसा घालून जातोय."